संचालिकेची सही आणि कराचा प्रश्न



नांदेडचा नवा मोंढा असो वा लातूरची गंजगोलाई, व्यापारी पेढ्यांच्या कागदपत्रांवर घरातील स्त्रीचे नाव असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोठे ती भागीदार असते, कोठे खासगी कंपनीची संचालिका. परंतु हे नाव पुष्कळदा तिच्या मतासाठी नव्हे, तर कराच्या सोयीसाठी घातलेले असते. वर्षातून एकदा ताळेबंद घरी येतो, दाखविलेल्या जागी सही होते आणि तो परत जातो. त्या सहीचा अर्थ काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मोठ्या कंपन्यांत स्त्रीला स्थान कायद्याने मिळाले. नॉर्वेने २००३ मध्ये संचालक मंडळांत ४० टक्क्यांचे तत्त्व स्वीकारले. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४९ ने प्रत्येक सूचीबद्ध कंपनीत किमान एक महिला संचालक अनिवार्य केली. तेव्हा अनेक उद्योगघराण्यांनी पत्नीस, कन्येस वा भगिनीस त्या खुर्चीवर बसविले. पुढे सेबीने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांत १ एप्रिल २०२० पासून स्वतंत्र महिला संचालक आवश्यक ठरविली.

याचा कराशी संबंध कोणता? कर चुकविणे हा गुन्हा होय. कर टाळणे म्हणजे कायद्याच्या शब्दांतून वाट काढणे. मुंबईतील हचिसन-एस्सारचा दूरसंचार व्यवसाय २००७ मध्ये केमन बेटांवरील कंपनीच्या समभागांद्वारे व्होडाफोनकडे गेला. सुमारे ११,००० कोटी रुपयांच्या कराचा वाद निर्माण झाला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. व्यवहार कायदेशीर ठरला. तरी अशा वाटांनी जो पैसा निसटतो, तो विकसनशील देशाच्या शाळा, रस्ते व रुग्णालयांना मुकतो. यास्तव १ एप्रिल २०१७ पासून करटाळणी-प्रतिबंधक सर्वसाधारण नियम लागू झाले.

अशा योजना संचालक मंडळासमोर येतात. तेथे स्त्रिया असल्यास कंपन्या कराबाबत अधिक सावध राहतात, असे काही देशांतील अभ्यासकांना आढळले. इतरांना तसा संबंध दिसला नाही. याचे कारण उघड आहे. केवळ उपस्थितीने काही घडत नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या मंडळाने डिसेंबर २००८ मध्ये संस्थापकांच्या कुटुंबाशी निगडित दोन कंपन्या खरेदी करण्यास मान्यता दिली. मंडळावरील एका स्वतंत्र संचालिकेने विरोधी मत नोंदविले नव्हते. पुढे त्याची नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची होती, विद्वत्ता होती. नोंदविलेला नकार तेवढा नव्हता.

घरच्या पेढीतही हाच न्याय आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ६४ नुसार, पतीचे भरीव हितसंबंध असलेल्या व्यवसायातून पत्नीस मिळणारे वेतन तिच्या तांत्रिक वा व्यावसायिक पात्रतेचे फळ नसेल, तर ते पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. म्हणजे केवळ नाव घालून कर वाचतोच असे नाही. उलट कलम १७९ अन्वये खासगी कंपनीचा थकलेला कर संचालकांकडून वसूल होऊ शकतो. आपला गंभीर हलगर्जीपणा वा कर्तव्यभंग नव्हता, हे संचालकासच सिद्ध करावे लागते. "मला काही ठाऊक नव्हते, मी फक्त सही केली," हे उत्तर तेथे तिचे रक्षण करीलच असे नाही. २०२५ च्या नव्या कायद्यानेही ही तत्त्वे कायम ठेवली आहेत.

जैन गृहस्थाला हा विचार परका नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' गणला आहे. राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणे, असा त्याचा आशय. आजचे विवेचक करचोरीचाही त्यात समावेश करतात. व्रत पतीचे आणि सही पत्नीची, अशी वाटणी तेथे नाही.

म्हणून कन्येला वा सुनेला संचालिका करताना तिला ताळेबंद वाचावयास शिकवावे, सभेची सूचना द्यावी, हिशेबनिसाला प्रश्न विचारण्याची मोकळीक द्यावी. आणि तिने सही करण्यापूर्वी "हा व्यवहार कशासाठी?" एवढे विचारावे. त्या प्रश्नाने एखादे वेळी थोडा कर अधिक भरावा लागेल. परंतु पेढीचे नाव आणि घरातील स्त्री, दोन्ही निर्भय राहतील. सुवर्णमहोत्सवी वर्षात याहून मोलाचा संकल्प कोणता असू शकेल?

जय जिनेंद्र!