संक्रमणाचा अर्थ

(मकरसंक्रांतीनिमित्त हळदीकुंकू समारंभात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात. मकरसंक्रांत मात्र सूर्याच्या गतीवर चालते. सूर्य धनू राशीतून मकर राशीत प्रवेश करतो, तो हा दिवस. पंजाबात आदल्या रात्री लोहडीचा अग्नी पेटतो, तामिळनाडूत नव्या तांदळाचा पोंगल उतू जातो, आसामात माघ बिहू साजरा होतो, गुजरातचे आकाश पतंगांनी भरून जाते आणि बंगालमध्ये गंगासागरावर स्नानासाठी लाखोंचा समुदाय लोटतो. नावे वेगळी, पक्वान्ने वेगळी. वंदन मात्र एकाच सूर्याला.

महाराष्ट्रात या पर्वाचे तीन दिवस. पहिला भोगीचा. त्या दिवशी वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा अशी त्या ऋतूतील भाजी तिळाच्या कुटात शिजते आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. थंडीत शरीराला उष्णता व स्निग्धता हवी असते, ती आजीच्या स्वयंपाकघराने आहारशास्त्राचा ग्रंथ न उघडताही पुरवली. दुसरा दिवस संक्रांतीचा. मातीच्या सुगडांत ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या भरून त्यांचे पूजन होते. सुगड कुंभाराचे, त्यातील धान्य शेतकऱ्याचे, पूजा गृहिणीची. गावगाड्यातील परस्परावलंबन त्या चिमुकल्या मडक्यात सामावलेले असते. तिसरा दिवस किंक्रांतीचा. पुढे रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते, लहानग्यांचे बोरनहाण होते.

या साऱ्याचा गाभा तिळगुळात आहे. तीळ दाण्यादाण्यांनी सुटा असतो. गुळाच्या पाकात तो एकजीव होतो. संस्कृतात ‘स्नेह’ या शब्दाचा अर्थ तेल असाही होतो आणि माया असाही. तिळातला स्नेह देताना माणसातला स्नेह द्यावा, ही त्यामागची भावना. वर्षभराचा अबोला या एका चिमटीने सुटलेली घरे कमी नाहीत. गोड बोलण्याचे आर्जव करताना समोरच्याची जात, श्रीमंती वा प्रतिष्ठा विचारण्याची रीत नाही.

तरीही एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ज्या घरी आज हळदीकुंकू आहे, त्याच घरातील पती गमावलेली सून, जाऊ किंवा सासू या वेळी कोठे असते? अनेक घरी ती स्वयंपाकघरात वाणाची ताटे लावत असते. दिवाणखान्यात मात्र येत नाही. तिला कोणी हाकलत नाही. तीच मागे सरते, कारण तिने मागे सरावे अशी रीत आपण पाडली आहे. स्नेहाचा सण आणि त्याच घरात एक माणूस स्नेहाबाहेर! सूर्य मकरेत जाण्याशी या वगळण्याचा काय संबंध?

‘परंपरा कशी मोडावी?’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर संक्रांतच देते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, संक्रांतीच्याच दिवशी झाला. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते; २०२४ मध्ये ती १५ तारखेला होती. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ परिभ्रमणामुळे सुमारे ७२ वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरप्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास होत असत; आता सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळतो. तारीख सरकली म्हणून सण बुडाला नाही. जे टिकवायचे ते तत्त्व. बाह्य रूप कालानुसार बदलते.

महाराष्ट्राने हे पूर्वीही ओळखले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, निंदा व बहिष्कार सोसला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा केला. अलीकडे, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा आदर्श घेण्यास सांगितले. एका खेड्याने दाखवलेले धैर्य शहरातील सुशिक्षित घरांना अवघड का वाटावे?

ठराव गावाचा असतो. आचरण मात्र उंबरठ्याच्या आत व्हावे लागते. त्यासाठी सभा नको, घोषणा नको. घरातील ज्येष्ठ सुवासिनीने उठावे, मागे थांबलेल्या त्या भगिनीचा हात धरून तिला पाटावर बसवावे आणि पहिले वाण तिच्या हाती द्यावे. ती कदाचित संकोचेल, डोळे भरून येतील. तिला कुंकू हवे की नको, हे तिने ठरवावे. तिळगूळ मात्र तिला मिळायलाच हवा.

संक्रमण म्हणजे ओलांडणे. सूर्य या दिवशी एक रास ओलांडतो आणि प्रकाशाचा काळ वाढत जातो. या वर्षी प्रत्येक घराने एक उंबरठा ओलांडला, तर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे शब्द खऱ्या अर्थाने सार्थ होतील.