जुनी लेन्स : आधी नाव वाचा, मग टॉर्च लावा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जुन्या लेन्सबद्दल मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे माळा आवरायला काढलेली ज्येष्ठ मंडळी. ‘यांचा जुना कॅमेरा आहे, भंगारात देऊ का?’ दुसरी म्हणजे कॉलेजातली मुलं. ‘काका, मोबाइलवर एक जुनी लेन्स दिसतेय, घेऊ का?’ पहिल्या घरातून चांगली वस्तू किलोच्या भावाने जाण्याची भीती असते आणि दुसऱ्या घरात खराब वस्तूला चांगले पैसे मोजले जाण्याची. दोन्ही टाळायचं असेल तर दोन प्रश्न वेगवेगळे ठेवायला शिका : ही लेन्स कोणती? आणि ही लेन्स आज कशी आहे? पहिल्याचं उत्तर लेन्सवर कोरलेलं असतं. दुसऱ्याचं कुठेच लिहिलेलं नसतं, ते उजेडात बघावं लागतं.

सर्वांत आधी एक साधी गोष्ट पाहा : लेन्स कॅमेऱ्यापासून सुटी होते का? आपल्याकडे अनेक घरांत असलेला आग्फा क्लिक थ्री किंवा स्टुडिओवाल्यांचा दोन डोळ्यांचा याशिका यांची लेन्स कॅमेऱ्यातच पक्की बसवलेली असते. तिथे किंमत अख्ख्या कॅमेऱ्याची. स्क्रूड्रायव्हर घेऊन लेन्स उपटायला जाऊ नका.

आता ही सुटी होणारी लेन्स पाहा. हातोहात फिरवा, फक्त काचेला बोट लावू नका. समोरच्या कड्यावर रशियन लिपीत नाव आहे. पहिलं अक्षर म्हणजे उभ्या काठीला वरून उजवीकडे काढलेली आडवी रेघ. हे नाव ‘हेलिऑस-४४-२’. शेजारी दोन आकडे आहेत, २ आणि ५८. ५८ म्हणजे ५८ मिलिमीटर, लेन्सची नाभीय लांबी. २ म्हणजे छिद्र पूर्ण उघडल्यावर ते त्या लांबीच्या किती भागाइतकं होतं, इथे निम्मं. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. कोणत्याही जुन्या लेन्सवर हे दोन आकडे सापडले की अर्धी ओळख झाली.

उरलेली अर्धी ओळख नावाची. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ही लेन्स येत असे. तिची रचना मूळची जर्मनीतल्या येना गावच्या झाइस कारखान्याची. तिथल्या ‘बायोटार’ या ५८ मिलिमीटरच्या लेन्सवरून हेलिऑस घडली. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा निर्मितीचं वर्ष सांगतात. क्रमांक ७८ने सुरू होत असेल तर १९७८. ही लेन्स तरुणांना का हवी असते? छिद्र पूर्ण उघडं ठेवून झाडीसमोर माणसाचा फोटो काढला, तर मागची पानं माणसाभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. मात्र या लेन्स प्रचंड संख्येने बनल्या. तेव्हा ‘अतिदुर्मीळ’ म्हणून कोणी विकू लागला तर हसून पुढे चला.

जपानी निकॉनच्या जुन्या लेन्सची गंमत निराळी. नावापुढचं अक्षर आत किती भिंगं आहेत ते सांगतं. ‘निक्कॉर-एच’मध्ये सहा, ‘निक्कॉर-एस’मध्ये सात, ‘निक्कॉर-क्यू’मध्ये चार. पण निकॉनबाबत एक इशाराही आहे. १९७७ साली त्यांनी लेन्सच्या मागच्या कड्याची रचना बदलली. त्याआधीची लेन्स नंतरच्या काही कॅमेऱ्यांवर जोराने बसवली तर कॅमेऱ्याचा नाजूक भाग मोडू शकतो. विचारल्याशिवाय बसवू नका.

म्हणजे मागचा भाग, ज्याला माउंट म्हणतात, तो नावाइतकाच महत्त्वाचा. या हेलिऑसला मागे स्क्रूसारखे आटे आहेत. व्यास ४२ मिलिमीटर, म्हणून याला ‘एम-४२’ म्हणतात. हल्लीच्या आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर साध्या ॲडॅप्टरने ही सहज बसते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर मात्र साध्या ॲडॅप्टरने दूरचं दृश्य स्पष्ट होत नाही, कारण तिथे लेन्स फिल्मपासून किंवा सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब बसते. लेन्स घेण्याआधी आपला कॅमेरा कोणता, हे सांगूनच विचारा.

इथे ओळख संपली आणि पारख सुरू झाली. नाव सांगतं की लेन्स कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती. नंतरची चाळीस-पन्नास वर्षं तिने कुणाच्या कपाटात आणि किती पावसाळे काढले, ते टॉर्च सांगतो.

पद्धत अशी. दोन्ही झाकणं काढा. छिद्र पूर्ण उघडा. खोलीत थोडा अंधार करा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका धरा आणि पुढून आत बघा. मग लेन्स उलटी करून तसंच बघा. उजेड सरळ डोळ्यांत घ्यायचा नाही आणि लेन्समधून सूर्याकडे तर कधीच बघायचं नाही.

आत काय काय दिसेल? धुळीचे चार कण दिसतील. घाबरू नका, फोटोत ते उमटत नाहीत. जुन्या काचेत सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे असतात, तेही निरुपद्रवी. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असला तर किंमत कमी करून मागा, पण लेन्स टाकून देऊ नका. मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो. काच पिवळसर दिसली तर ती मळकीच असेल असं नाही. असाही टाकुमारच्या ५० मिलिमीटर एफ/१.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली आहे. ती वर्षानुवर्षं अंधारात राहिली की पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात बरीच निवळते.

आता न चालणाऱ्या गोष्टी. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्या फुटल्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. ती कडेला आणि थोडीच असेल तर जाणकार कारागीर काढू शकतो. पण बुरशीतून झरणारं आम्ल कोटिंग आणि काच खात जातं, तो डाग पुसून जात नाही. सगळीकडे दुधट पडदा असेल तर फोटो फिके येतात, तोही काही वेळा साफ होतो. कडेला इंद्रधनुषी रंगाची चंद्रकोर दिसली तर समजा, दोन भिंगं जोडणारा थर सुटू लागला आहे. ती दुरुस्ती बहुधा परवडत नाही, लेन्स परत ठेवा.

काचेनंतर यंत्र. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एकसारखी, किंचित जड फिरली तर उत्तम. अडकली तर आतलं ग्रीस सुकलंय, खरखरली तर आत रेती गेलीय. मग छिद्राची पाती पाहा. स्वयंचलित लेन्समध्ये मागची खीळ दाबली-सोडली की पाती झटकन हलली पाहिजेत. त्यांवर तेल असेल तर ती आळसावतात आणि फोटो गरजेपेक्षा उजळ येतात. हेलिऑस-४४-२ची पाती आपण हाताने रिंग फिरवून मिटतो, म्हणून तिथे थोडं तेल चालून जातं. म्हणजे तोच दोष एका लेन्सला नडतो आणि दुसरीला नाही. ओळख आधी का करायची, ते इथे कळतं. शेवटी स्क्रूंच्या खाचा बघा. त्या झिजलेल्या असतील तर कुणीतरी लेन्स खोललेली आहे. कोणी खोलली आणि का, ते विचारा.

बोरा बाजारात दुकानात उभे असाल तर आपला कॅमेरा आणि ॲडॅप्टर बरोबर न्या. भिंतीवरच्या छापील कागदाचा सरळ समोरून एक फोटो पूर्ण उघड्या छिद्राने आणि एक एफ/८ने काढा. पूर्ण उघड्या छिद्राला कोपरे थोडे मऊ आले तर तो लेन्सचा स्वभाव. पण एफ/८लासुद्धा एकच बाजू धूसर आली तर आतलं भिंग सरकलेलं असतं. मोबाइलवरून घेत असाल तर विकणाऱ्याकडून टॉर्च लावलेला फोटो मागा, पुढून आणि मागून. ‘वयाच्या मानाने उत्तम’ हे त्याचं उत्तर नव्हे. फोटो देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

आणि आपण विकणार असू, तर तोच फोटो आपण न मागता द्यावा. आत बुरशी असेल तर तसं सांगावं.

शेवटचा मुद्दा आपल्या इमारतीचा. पावसाळ्यात आपल्या उत्तरेकडच्या भिंती कशा ओल धरतात, हे पंचवीस वर्षं प्रत्येक सर्वसाधारण सभेत बोललं गेलं आहे. त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण. चामडं ओलावा धरून ठेवतं. पिशवी आठवण म्हणून वेगळी ठेवा. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करता येतात. बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा ती बाहेर काढून वापरा. हवा आणि उजेड यांसारखं औषध नाही, ते फुकटही आहे.

तेव्हा माळ्यावर काही सापडलं तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी टॉर्च शोधा. शंका वाटली तर माझ्याकडे घेऊन या, आपण दोघं मिळून बघू.