कऱ्हाकाठाहून देवनगरीकडे

(बारामती व इंदापूर परिसरातून प्रथमच बँकॉकला निघालेल्या कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



बँकॉक हे नाव उच्चारताच अनेकांच्या चेहऱ्यावर वेगळेच स्मित उमटते. खते-बियाण्यांच्या विक्रेत्यांना बक्षीस म्हणून घडणाऱ्या सहलींनी या शहराची जी ख्याती आपल्या बाजारपेठेत पोहोचविली, ती घरी सांगण्याजोगी नाही. त्यामुळे आई-वडील आणि लेकरांना घेऊन तेथे जाताना प्रवासी संकोचतो. हा संकोच दूर व्हावा, यासाठी त्या नगरीची खरी ओळख करून घेतली पाहिजे.

थाई माणूस आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी म्हणतो. तिच्या प्रदीर्घ राजनामात महेंद्र, अयोध्या, विश्वकर्मा ही नावे गुंफलेली आहेत. १७६१ मध्ये मराठ्यांवर पानिपतचा आघात झाला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १७६७ मध्ये, ब्रह्मदेशाच्या सैन्याने थाईंची जुनी राजधानी अयुध्या बेचिराख केली. तिच्याबरोबर असंख्य हस्तलिखितेही नष्ट झाली. १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने बँकॉक वसविले आणि दरबारी कवींच्या साहाय्याने रामकथा नव्याने सिद्ध केली. १७९७ मधील तो ग्रंथ म्हणजे 'रामकियेन'. उद्ध्वस्त राष्ट्र पुन्हा उभे करताना त्या राजाला रामकथेची गरज भासली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच काळात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहून कविवर्य मोरोपंत रामायणामागून रामायण रचीत होते. परंपरा त्यांच्या रामायणांची संख्या १०८ सांगते. ओठाला ओठ न लावता म्हणता येणारे निरोष्ठ रामायण त्यांतलेच. पंत १७९४ मध्ये निवर्तले. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन तीरांवर एकाच कथेची उपासना चालली होती.

म्हणून पहिला दिवस राजवाडा आणि त्याच्या आवारातील वाट फ्रा केओ मंदिरासाठी ठेवावा. सकाळी साडेआठला दार उघडते. ऊन आणि गर्दी वाढण्यापूर्वी पोहोचावे. खांदे व गुडघे झाकणारा वेश आवश्यक आहे. मुख्य गाभाऱ्यात पादत्राणे आणि छायाचित्रण वर्ज्य आहे. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ भित्तिचित्रे आहेत. उत्तर दारापासून आरंभ करून प्रदक्षिणेच्या क्रमाने ती पाहावीत. 'तोत्सकान' म्हणजे दशकंठ रावण. तो दारावर यक्षरूपाने पहाराही देतो. येथील हनुमान मात्र ब्रह्मचारी नाही. सेतुबंधनाच्या वेळी तो रावणकन्या सुवर्णमत्स्येच्या प्रेमात पडतो. समर्थांच्या मारुतीपुढे वाढलेल्या मनाला हे खटकेल. तथापि तेथे वाद घालू नये. थाई समाज बौद्ध आहे. त्याने रामकथा श्रद्धेने आपलीशी केली आहे आणि आपल्या पद्धतीने जपली आहे. 'हे सारे आमचेच' असे मोठ्याने बजावणारा पाहुणा नाते जोडत नाही, तोडतो.

दुपारी जवळच्या वाट फो मंदिरात ४६ मीटर लांबीचा शयनस्थ बुद्ध पाहावा. त्याच्या तळपायांवर शिंपल्यात जडविलेली १०८ शुभचिन्हे आहेत. मोरोपंतांच्या गावच्या माणसाला ही संख्या परकी वाटणार नाही. तेथून होडीने चाओ फ्राया ओलांडली की अरुणाच्या नावाचे वाट अरुण मंदिर लागते. दुसऱ्या दिवशी १७८४ चे 'देवस्थान' पाहावे. राजदरबाराच्या ब्राह्मणांचे हे मंदिर आहे. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास राजवाड्याशेजारील मैदानावर बैलजोडीने राजनांगरणी होते, तिचे पौरोहित्य हेच ब्राह्मण करतात. शेतकरी घराला याहून जवळचे दृश्य कोणते? नीरा-नरसिंहपूर ज्यांचे कुलदैवत, त्या इंदापूरकरांना तर विष्णूचे वाहन गरुड शासकीय इमारतींवर राजचिन्ह म्हणून जागोजागी भेटेल.

काही व्यावहारिक गोष्टी. १ मे २०२५ पासून आगमनपत्र संगणकावर आधी भरावे लागते. ते विनामूल्य आहे. 'आज राजवाडा बंद आहे' असे सांगून रिक्षात बसविणाऱ्यावर विश्वास ठेवू नये; तो दुकानांतून फिरवितो. शाकाहारासाठी 'मंगसविरत' हा शब्द लक्षात ठेवावा. त्याचे मूळ 'मांसविरति'. तरीही माशाचा रस्सा नाही ना, हे विचारावे. बुद्धमूर्तीकडे पाय करू नयेत, भिक्षूंना स्त्रियांनी स्पर्श करू नये, राजाविषयी थट्टा करू नये. तो तेथे गंभीर गुन्हा आहे.

शेवटी एक विनंती. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलांना मोरोपंतांच्या स्मारकाशी न्यावे आणि रामकथा सांगावी. ज्या मुलाने घरी सेतुबंधन ऐकले नाही, त्याला त्या ओवऱ्यांत केवळ रंगीत माकडे दिसतील. ज्याने ऐकले आहे, तो हजारो मैलांवर बोट दाखवून म्हणेल, "आजोबा, हा आपला मारुती!" आणि पुढच्याच चित्रापाशी थांबून विचारील, "पण याची गोष्ट वेगळी का?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी आजोबांनीही इथूनच करून निघावे.