युक्ती ठेवायची की टाकायची?

(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'घरगुती युक्त्या' या विषयावर आम्ही बोलणार हे कळल्यावर दोन-तीन काकूंनी हसून विचारलं, "स्वयंपाकघरातलं तुम्ही काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. पण आमच्या घरी दोघंही नोकरी करतात, तेव्हा ओटा दोघांचा. कुंड्या, वायरिंग आणि गणपतीची आरास ही तर आमचीच खाती.

युक्त्यांची आज वाण नाही. काही आजीकडून आलेल्या, काही शेजारणीकडून, आणि रोज सकाळी मोबाइलवर येतात त्या वेगळ्याच. त्यातल्या ठेवायच्या कोणत्या? आम्ही घरात एकच नियम ठेवला आहे. युक्ती का चालते हे सांगता आलं तर ती ठेवायची. कारण कळलं की ती कुठे चालणार नाही हेही आपोआप कळतं.

सुरुवात डाळीपासून करू. आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून आणलेलं असतं. ज्या दिवशी नळ नसतो त्या दिवशी बोरिंगचं पाणी वापरलं जातं, आणि नेमकी त्या दिवशी तुरीची डाळ शिजत नाही. बोरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीचं साल आणि गर घट्ट धरून ठेवतं. मग आपण चिमूटभर सोडा टाकतो. डाळ शिजते, पण सोड्यामुळे तिच्यातलं ब-१ जीवनसत्त्व नासतं. त्यापेक्षा दोन तांबे नर्मदेचं पाणी फक्त डाळीसाठी झाकून ठेवावं. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ मऊ झाल्यावरच घालावं, कारण आंबटामुळेही डाळ शिजायला वेळ लागतो.

याच जड पाण्याचे पांढरे थर किटलीत आणि नळाच्या तोटीवर बसतात. ते आंबटाने विरघळतात, म्हणून लिंबाची सालं किंवा व्हिनेगर चोळून थोडा वेळ ठेवलं की काम होतं. पण संगमरवराचा ओटा किंवा देव्हारा असेल तिथे लिंबू लावू नका. तो दगडही त्याच जातीचा, आंबटाने त्याची चकाकी जाते.

मोबाइलवरची सगळ्यात लोकप्रिय युक्ती म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंक साफ करणं. फेस खूप येतो, बघायला बरं वाटतं. पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि खाली जवळजवळ मिठाचं पाणीच उरतं. चिकटपणासाठी सोडा वेगळा वापरा, क्षारासाठी व्हिनेगर वेगळं.

ही युक्ती नुसती वाया जाते. दुसरी एक मात्र जिवावर बेतू शकते. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करायचं ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. गणपतीपूर्वीच्या साफसफाईत 'दोन्ही टाकलं तर दुप्पट स्वच्छ होईल' असं वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगा. बाटली वाचायला त्यांना कोणी वेळ देत नाही, आणि त्या बंद खोलीत त्याच असतात.

आता जुन्या युक्त्यांचा मान. तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ठेवायची पद्धत आपल्या आज्यांची. तेलाचा पातळ थर बसला की किड्याच्या अंड्याला हवा मिळत नाही. कारण आहे, म्हणून युक्ती आजही चालते. धान्यात कडुलिंबाचा पाला घालतात तो मात्र चुरचुरीत वाळलेला हवा. ओलसर पाला घातला तर तो धान्यात ओल नेतो आणि बुरशी धरते. युक्ती तीच, पण कारण विसरल्यामुळे उलटी पडते.

स्वयंपाकघरातून बागेत येऊ. चहाचा चोथा कुंडीत टाकतात. त्यात साखर आणि दूध असतं, म्हणून मुंग्या येतात. चोथा धुऊन, वाळवून टाकावा. भाजीची सालं थेट मुळाशी पुरू नयेत. कुजताना ती गरम होतात, आणि कुजवणारे जंतू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. झाड पिवळं पडतं आणि आपण म्हणतो, खत घालूनही वाढत नाही! सालं वेगळ्या भोकं पाडलेल्या डब्यात कुजवावी. एक भाग ओला कचरा, दोन भाग सुकी पानं. वास आला तर पाणी जास्त झालं असं समजून आणखी सुकी पानं घालायची.

माळव्याची काळी माती शेताला सोनं आहे, कुंडीत मात्र ती एकटी चालत नाही. भिजली की फुगते, वाळली की तडकते आणि मुळं तोडते. एक भाग माती, एक भाग खत, एक भाग जाड वाळू एवढं मिसळलं की मोगरा, गुलाब, तुळस सगळं लागतं.

बागेवरून पत्रीवर येतो. गणेशपूजेच्या २१ पत्रींत धोतरा, रुई आणि कण्हेर आहेत. तिन्ही विषारी. पूजेत त्यांना मान आहे, तो राहू दे. पण पत्रीचं तबक आणि प्रसादाचं तबक वेगळं ठेवा, पत्री खुडल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती ती पानं देऊ नका. आणि निर्माल्य गाईपुढे टाकू नका. पुण्य म्हणून टाकतो आणि त्यात कण्हेर असते. ज्या गाईला आपण नमस्कार करतो तिलाच ती बाधते. दोरे आणि प्लॅस्टिक काढून निर्माल्य खताच्या डब्यात घाला.

आरास करताना विजेकडे बघायला हवं. विजेचा डिप्लोमा केलेला असल्यामुळे इथे थोडं अधिकाराने बोलतो. साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला तो सुमारे १३८० वॅट झेपवतो. एलईडीच्या माळा फार थोडी वीज घेतात, त्यांची काळजी नाही. पण मखराच्या त्याच एक्स्टेंशन बोर्डवर उकडीच्या मोदकांसाठी २००० वॅटची इंडक्शन शेगडी लावली की वायर तापते. ती वायर बहुधा गालिच्याखाली किंवा पडद्यामागे असते, म्हणजे तापलेली कोणाला दिसतही नाही. शेगडी, इस्त्री, गीझर यांना त्यांचा भिंतीतला मोठा सॉकेटच द्यावा. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचं गळती-संरक्षण आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावं.

निरांजनाची उष्णता सरळ वर जाते. म्हणून ज्योतीच्या वर झालर, थर्माकोल किंवा कागदी फुलं नकोत. घरातल्या जुन्या पैठणीचा, शालूचा पडदा छान दिसतो, तो मागे आणि बाजूला लावा. रात्री झोपताना माळा बंद करा. समई तेवत ठेवायचीच असेल तर ती परातीत ठेवा आणि भोवती हातभर जागा मोकळी सोडा.

शेवटी विसर्जन. शाडूची मूर्ती बादलीत भिजते, पण ते पाणी मोरीत ओतू नका. शाडू फार बारीक असते, पाइपात बसली की घट्ट होते. पाणी निवळू द्या, वरचं झाडांना घाला आणि खालची माती वाळवून पुढच्या वर्षी मुलांना मूर्ती करायला द्या. कुंडीत ती मूठभरच मिसळा. मूर्ती प्लास्टरची असेल तर ती साध्या पाण्यात विरघळणार नाही, कारण प्लास्टर पाणी घेऊनच घट्ट होतं. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली आहे. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात घालून मधूनमधून ढवळत राहिलं की साधारण दोन दिवसांत मूर्ती विरघळते. वरचं पाणी खताचं असतं, भरपूर पातळ करून बागेला चालतं. वास उग्र येतो, म्हणून हे गच्चीवर किंवा अंगणात करा.

या सगळ्यांतली एकही गोष्ट महाग नाही. फक्त 'असं का?' एवढं विचारायचं आहे. घरातली मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्याबरोबर कारण शोधा. कारण सापडलं तर युक्ती वहीत लिहून ठेवा. नाही सापडलं, तर निदान दोन बाटल्या एकत्र ओतण्यापूर्वी हात आवरा.

 यंदाचा उत्सव सर्वांना सुखाचा आणि सुखरूप जावो.

गणपती बाप्पा मोरया!