दोन अंशांचा फरक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या विद्यार्थी मेळाव्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने केलेले भाषण)



ज्या सभागृहात लहानपणी आजीचे बोट धरून प्रवचनाला येत असे, त्याच सभागृहात आज बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजते. ‘विद्यार्थिदशेने मला काय दिले’ हा विषय मला दिलेला आहे. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे. मोठे कर्तृत्व सांगावे असे माझ्यापाशी काही नाही. म्हणून नववीत असताना विज्ञानाच्या वर्गात घडलेली एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवते. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी त्या वर्षी एक निराळा गृहपाठ दिला. प्रत्येकाने दर आठवड्याला विज्ञानावर एक पान लिहायचे. ते वहीत ठेवायचे नाही, तर शाळेच्या व्हरांड्यातील फलकावर लावायचे. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही ते वाचावे आणि त्या कोऱ्या जागेत प्रश्न लिहावा. लिहिणाऱ्याने पुढच्या आठवड्यात त्याचे उत्तर द्यावे. बाईंच्या अटी दोनच होत्या. शब्द आपले हवेत आणि घरातील आजीला समजेल असे लिहायला हवे.

माझे पहिले पान ज्वालामुखीवर होते. एका जाडजूड ग्रंथातून मी ते उतरवून काढले होते. अक्षर सुंदर, समास जड. दुसऱ्या दिवशी पाहते तो खाली पाचवीतील कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, “ताई, शिलारस म्हणजे काय? तो पातळ का असतो?” मला उत्तर येईना. ज्याचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता, तो शब्द मी शंभर जणांपुढे टांगून ठेवला होता! वहीतील उत्तर एकट्या बाई वाचतात आणि त्यांना ते आधीच ठाऊक असते. फलकावरचे पान वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते, म्हणून तो खरोखर विचारतो. हा फरक मला त्या दिवशी कळला.

त्यानंतर आला पाण्याच्या उत्कलनबिंदूचा प्रयोग. चंचुपात्रात पाणी, खाली बर्नर आणि पाण्यात तळाला टेकणार नाही अशी बांधलेली तापमापी. पाणी खदखदू लागले, पारा ९८ अंशांवर चढला आणि तेथेच थांबला. आम्ही ज्योत मोठी केली. पारा हलला नाही. पाणी बदलून पुन्हा पाहिले, पुन्हा ९८. शेजारच्या गटातही तेच. पुस्तकात मात्र स्पष्ट छापलेले होते, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. या पानांचे गुण वर्षाच्या निकालात धरले जाणार होते. पहिल्या पानाने माझी फजिती झालेलीच होती. मी क्षणभरही थांबले नाही. पानावर लिहिले, “निरीक्षण : १०० अंश.” वर्गातील बहुतेकांनी तेच केले.

दोन दिवसांनी माझ्या पानाखाली एक ओळ उमटली. “परवा प्रयोगशाळेत सगळी मुले ९८ म्हणत होती. मग पानावर १०० कसे?” ती ओळ कोणा शिक्षकाची नव्हती. प्रयोगशाळेतील भांडी आवरणाऱ्या आमच्या शिपाई मामांची होती. ते रोज सकाळी व्हरांडा झाडताना सगळी पाने वाचत असत, हे आम्हाला ठाऊकही नव्हते.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. पान काढून टाकावे, की ‘लिहिण्यात चूक झाली’ असे म्हणून वेळ मारून न्यावी? वडिलांच्या लक्षात आले. मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. आपल्या दुकानाची कीर्दवही पुढे ओढून त्यांनी एक पान दाखवले. तेथे एक रक्कम चुकीची पडलेली होती. ती खोडलेली नव्हती. काही दिवसांनंतरच्या तारखेला तिची दुरुस्ती वेगळी नोंदवलेली होती. ते म्हणाले, “बाळ, चूक सगळ्यांची होते. पण ज्या वहीत चूक दिसतच नाही, त्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.”

दुसऱ्या आठवड्यात माझे पान लागले. पहिले वाक्य असे होते : “मागील पानावर मी खोटे लिहिले होते. आमची तापमापी ९८ अंश दाखवत होती.” ते वाक्य लिहिताना हात थरथरत होता, हे आज सांगायला संकोच वाटत नाही. बाईंनी मागील पानाचे गुण कापले. दोन्ही पाने मात्र शेजारी शेजारी लावून ठेवली आणि मला एकच विचारले, “मग पुस्तक खोटे, की तापमापी?”

येथून माझ्यासाठी विज्ञान सुरू झाले. तापमापी बिघडली असेल म्हणून ती वितळत्या बर्फात ठेवली; पारा बरोबर शून्यावर आला. पाण्यात क्षार असतील म्हणावे, तर विरघळलेल्या क्षारांनी उत्कलनबिंदू वाढतो, उतरत नाही. मग उरली हवा. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथे डोक्यावरची हवा मुंबईपेक्षा थोडी कमी, म्हणून तिचा दाबही कमी. साधारण ३०० मीटर वर गेले की पाणी एक अंश आधीच उकळते. म्हणजे कोल्हापुरात ९८ हेच बरोबर उत्तर होते! पुस्तकातील १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा होता.

हे पान मी आजीला वाचून दाखवले. उपवासाच्या दिवशी उकळून ठेवलेलेच पाणी घेणारी माझी आजी म्हणाली, “अगं, उकळते म्हणजे उकळते. त्यात गावोगावी फरक कसा पडेल?” मी म्हणाले, “आजी, पाण्याच्या वाफेला वरच्या हवेला ढकलून बाहेर पडावे लागते. हवा म्हणजे भांड्यावर ठेवलेले ओझे. ओझे हलके असेल तर वाफ लवकर सुटते.” आजी म्हणाली, “म्हणजे आपल्या कुकरच्या शिट्टीच्या उलटे!” खरेच होते. कुकरमध्ये आपण ओझे वाढवतो, म्हणून आत पाणी सुमारे १२० अंशांना उकळते आणि डाळ लवकर शिजते. आजीचे हे वाक्य मी पुढच्या पानावर तिच्या नावानिशी लिहिले.

दिवाळीच्या सुट्टीत बाईंच्या परवानगीने तीच तापमापी कापसात गुंडाळून मी मुंबईला मावशीकडे नेली. मावशीच्या स्वयंपाकघरात पारा १०० च्या रेषेला जाऊन टेकला, तेव्हा मला झालेला आनंद कोणत्याही बक्षिसाने झालेला नाही.

पुढे वाचनात आले, की ज्यांच्या नावाने आपण तापमान मोजतो त्या स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडतानाच उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो, हे नोंदवले होते. जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात हिमालयात फिरले, तेव्हा पाणी किती अंशांना उकळते हे पाहून ते डोंगरातील ठिकाणांची उंची काढत. माझ्या गावाची उंची सांगणारे तेच दोन अंश मी भीतीपोटी फेकून दिले होते.

लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे या तरुणाने १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून डेव्हींना पाठवली आणि पुढच्याच वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम मिळाले. पुढे त्याने आपल्या प्रयोगांच्या १६ हजारांहून अधिक नोंदी क्रमांक घालून ठेवल्या. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचे नाते शोधण्याचे त्याचे १८४९ मधील प्रयोग निष्फळ ठरले; तेही त्याने लिहिले आणि जगापुढे प्रसिद्ध केले. आमच्या व्हरांड्यातील फलक लहान होता, परंतु रीत हीच होती.

मित्रांनो, आपल्याला उत्तर बरोबर येण्याची फार घाई असते. पालकांनाही असते. त्या घाईत मूल डोळ्यांनी पाहिलेले सोडून पुस्तकातले लिहिते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. मला त्या घाईतून एका शिपाई मामांच्या प्रश्नाने बाहेर काढले. मी लिहिलेले कोणीतरी मनापासून वाचत होते, म्हणून तो प्रश्न आला.

शेवटी विश्वस्तांना एक नम्र विनंती. आपल्या ट्रस्टच्या वाचनालयात प्रवेशद्वारापाशी एक रिकामा फलक आहे. तेथे समाजातील मुलामुलींनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींची पाने लावावीत, खाली अर्धी जागा कोरी सोडावी आणि वृत्तपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांनी जाता जाता एखादा प्रश्न लिहावा. पहिले पान लावायला मी येईन. पेन्सिल दोरीला बांधून ठेवण्याचे कामही मीच करीन.