तिसऱ्या रात्री दूध पुरत नाही तेव्हा



बाळंतपण झाल्यावरचे पहिले दोन दिवस घर आनंदात असतं. बाळ बराच वेळ झोपलेलं, पेढे वाटून झालेले, फोन चालूच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून चित्र पालटतं. बाळ दर अर्ध्या-पाऊण तासाला उठतं, ओढतं, सोडतं, पुन्हा रडतं. आईची टाक्यांची जागा दुखत असते, डोळ्यांवर झोप असते. रात्री दोनच्या सुमाराला घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, तुला दूधच नाहीये. पोर उपाशी आहे." आणि सकाळी दुकान उघडायच्या आत पावडरीचा डबा आणायला माणूस गेलेला असतो.

माझ्याकडे महिन्याभराची बाळं तपासायला येतात. त्यांतल्या वरच्या दुधावर असलेल्या बाळांची चौकशी केली, की बऱ्याचदा गोष्ट याच रात्रीपाशी जाऊन पोचते. म्हणून आज त्या रात्रीबद्दलच बोलते.

त्या रात्री नेमकं काय चाललेलं असतं? पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, आणि अगदी थोडा. एका वेळेला चमचाभर, कधी त्याहूनही कमी. नवजात बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो आणि रोगांशी लढणारी द्रव्यं त्यात भरपूर असतात. काही घरांत हा चीक अजूनही पिळून टाकतात. तसं कृपा करून करू नका. वार पडली की आईच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि साधारण दोन ते चार दिवसांत दूध उतरतं. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल किंवा मधुमेह असेल, तर एखादा दिवस जास्त लागतो. या मधल्या काळात बाळ सारखं ओढतं, ते दूध मागवण्यासाठी. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि दूध बनवणारं संप्रेरक वाढतं. ते रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही.

आता त्या रात्री बाटली दिली तर काय होतं? बाळ चार तास गाढ झोपतं. घरातले म्हणतात, "बघा, भूकच होती." पण त्या चार तासांत आईच्या छातीतून काहीच निघालेलं नसतं. साठून राहिलेलं दूध शरीराला सांगतं की आता कमी बनव. दुसऱ्या दिवशी दूध खरंच कमी येतं, मग बाटली दोनदा लागते, आणि आठवड्याभरात "तिला दूध नव्हतंच" हे सगळ्यांना पटलेलं असतं. तिलाही.

मग बाळाला पुरतंय की नाही, हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही. छाती मऊ लागते यावरूनही नाही, आणि पिळून किती निघालं यावरून तर अजिबात नाही. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एखादी लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, फिकट रंगाची. शी आधी काळी, मग हिरवट, मग पिवळी होत जाते. यासाठी पहिला आठवडा शक्यतो कापडी लंगोट वापरा. आयते डायपर इतके शोषून घेतात की मोजायला काही उरत नाही. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत पुन्हा जन्मवजनावर येतं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर मात्र घरी अंदाज बांधत बसू नका, दाखवा.

लंगोट कमी भिजत असतील तरी आधी बघायचं ते बाळाचं तोंड. बाळानं छाती नीट धरली आहे का? या एका गोष्टीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण दूध कमी पडणं, बोंडाला चिरा पडणं, छातीत गाठी होणं, यांतल्या बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात.

आईनं आधी नीट बसावं. पाठीला लोड किंवा तक्क्या, पाय टेकलेले, खांदे सैल. खाटेच्या कडेवर वाकून पाजलं, की दहा मिनिटांत पाठ भरून येते आणि बाळ खाली घसरतं. समजा उजव्या बाजूला पाजायचं आहे. बाळाला डाव्या हातावर घ्या. त्याची पाठ तुमच्या हातावर, मान तुमच्या अंगठ्या-बोटांमध्ये, त्याचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून पिणं आपल्याला तरी जमतं का? उजव्या हातानं छातीला खालून आधार द्या, बोटं बोंडापासून लांब ठेवून. आता बोंड बाळाच्या वरच्या ओठाला, नाकाखाली, हलकेच लावा आणि थांबा. बाळ जांभई दिल्यासारखं तोंड उघडेल. त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा, आधी हनुवटी टेकवून. छाती वाकवून बाळाच्या तोंडात कोंबू नका आणि त्याचं डोकं मागून दाबू नका.

नीट धरलं असेल तर त्याचा खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो. बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतो. गाल फुगलेले असतात, आणि दूध उतरल्यावर गिळण्याचा बारीक आवाज येतो. पहिले काही क्षण ओढ लागेल, पण पाजताना सतत कळ येत असेल, तर धरणं चुकलं आहे. दातावर दात दाबून सहन करायचं नाही. बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आपली करंगळी आत सरकवा, पकड सुटेल, आणि पुन्हा लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी चालेल.

आजी नेहमी सांगतात, "नाक दबेल गं," आणि मग आई दोन बोटांची कात्री करून छाती दाबून धरते. त्या कात्रीनं बोंड बाळाच्या तोंडातून निसटतं. हनुवटी आत रुतलेली असली की नाक आपोआप मोकळं राहतं. सिझेरियन झालेल्या आईनं कुशीवर झोपून पाजावं, किंवा बाळाला काखेखाली घेऊन, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी लावलं, तर पुढचं पुष्कळ सोपं जातं. सिझेरियननंतरही हे जमतं, मदतीला नर्स हवी. आपल्याकडे २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशातली ८८ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं जेमतेम ४२ टक्के होती. म्हणजे बाई दवाखान्यात पोचते आहे, आणि तरी तो तास हातून जातो आहे. हा दोष आईचा नाही, आम्हा दवाखानेवाल्यांचा आहे. भरती होतानाच विचारून ठेवा, "बाळ झाल्या झाल्या माझ्याजवळ देणार ना?" विचारणाऱ्या बाईला सहसा मिळतं.

मध चाटवू नका, सोन्याच्या अंगठीनंही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या एका जंतूमुळे लुळेपणा आणणारा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी, काही नको. उन्हाळ्यात चंद्रपूर-अकोल्याकडून हमखास विचारणा होते, "पाणी तरी?" आईच्या दुधात शंभरात सुमारे ८८ भाग पाणीच असतं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत तेवढं पुरे. थेंब द्यायचेच तर डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे. पाणी हवंय ते बाळंतिणीला. तिला पाणी कमी द्यायची पद्धत काही घरांत आहे, ती सोडा. अळिवाचे, डिंकाचे लाडू जरूर करा. अळिवानं दूध वाढतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण त्यात लोह आहे, आणि कुणीतरी आपल्यासाठी लाडू वळतंय हे त्या बाईला हवंच असतं.

पावडरीच्या डब्याबद्दल एक कायदा माहीत असू द्या. १९९२ साली तो झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक केला गेला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्याच्या दुधाची, बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. दवाखान्यात कुणी असा नमुना हातात ठेवला, तर तो परत करा. काही बाळांना वैद्यकीय कारणानं वरचं दूध खरोखर लागतं, आणि त्या आईला कुणी टोचून बोलायचं कारण नाही. फार लहान, आजारी बाळांसाठी दुसऱ्या आयांनी दिलेल्या दुधाच्या पेढ्याही आहेत. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

आता सासूबाई आणि आई, तुमच्याशी बोलते. त्या तिसऱ्या रात्री तुमच्या एका वाक्यावर पुष्कळ अवलंबून असतं. "दूध नाहीये" ऐवजी "मी बाळाचा ढेकर काढते, तू दोन घास खा आणि परत लाव" एवढं म्हणून बघा. बाबांनी पाजता येत नाही म्हणून कूस बदलून झोपू नये. रात्रीचे लंगोट बदलणं, आईच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवणं, भेटायला येणाऱ्यांना दारातूनच गोडीनं वाटेला लावणं, ही कामं त्यांची.

घरात जाणतं कुणी नसेल तर आशाताईंना बोलवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं. त्यांच्यासमोर पाजा, लाजू नका. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात पाजण्याच्या पद्धतीचे मराठी व्हिडिओ आहेत, फोनवर फुकट बघता येतात. आणि आईला दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते नखरे नाहीत, आजार आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं. मात्र बाळ पीतच नसेल, उठवूनही उठत नसेल, अंग तापलं असेल किंवा गार पडलं असेल, तर त्याच वेळी १०८ला फोन करा.

शेवटी कामावर परतणाऱ्या आयांसाठी. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपर्यंत यातलं काही पोचत नाही, हे मला माहीत आहे. तिच्या मुकादमाला आणि नवऱ्याला एवढंच सांगणं, की फडाच्या कडेला सावलीत बाळ ठेवा आणि पाजायला तिला मोकळं सोडा. बाकीच्यांनी हातानं दूध काढायची सवय कामावर जायच्या पंधरा दिवस आधी करावी. स्वच्छ धुतलेल्या हातांनी, उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या डब्यात. बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चोवीस तास टिकतं. प्रवासात असाल तर बऱ्याच एसटी स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहे, त्याला कुलूप दिसलं तर नियंत्रकाकडे जाऊन ते उघडून घ्या. काढलेलं दूध गॅसवर तापवू नका, डबा कोमट पाण्यात ठेवा. आणि ते बाटलीनं न देता वाटी-चमच्यानं किंवा आजीच्या फडताळातल्या बोंडल्यानं द्या. बोंडल्याची चोच आतून घासून, दहा मिनिटं उकळून घ्यायची.