‘बसत नाही’



सरकारी खिडकीवर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारे दोन शब्द कोणते, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘बसत नाही’. तुमचं वय बसत नाही, उत्पन्न बसत नाही, टक्के बसत नाहीत. माणूस मान डोलावतो, कागद पुन्हा पिशवीत घालतो आणि एसटी गाठतो. अर्ज झालेलाच नसतो. आवक बारनिशीत नोंद नाही, त्यामुळे नाकारल्याचीही नोंद नाही. सरकारदरबारी तो माणूस त्या दिवशी आलाच नव्हता.

मी वकील. घोडनदीच्या कोर्टात उभा राहतो. कागदावर शिरूर, तोंडात मात्र आमच्याकडे घोडनदीच. आजोळ दौंड तालुक्यातलं, त्यामुळे भीमेच्या दोन्ही काठांवरची माणसं ‘वकीलसाहेब, जरा कागद बघा’ म्हणत येतात. जमिनीचे, वाटपाचे कागद असतात, आणि अधूनमधून एखाद्या पिशवीतून दिव्यांगाचा कागद निघतो. हा कागद दाखवताना माणूस ओशाळलेला असतो. ही काही ‘केस’ नाही, असं त्याला वाटतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

ज्याला गावात ‘निराधारचा पगार’ म्हणतात, ती संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारनं मदत करावी, असं १९५० पासून लिहिलेलं आहे. आमच्या खिडकीपर्यंत यायला त्याला तीस वर्षं लागली. २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांग लाभार्थ्याचं अनुदान महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं. अपंगत्व किमान ४० टक्के हवं, राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य हवं, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. बाकीच्या निराधारांना ही मर्यादा २१ हजार आहे, म्हणजे दिव्यांगांना सवलतच दिलेली आहे. आता भागाकार करा. वर्षाला ५० हजार म्हणजे दिवसाला १३७ रुपये. खुरपायला जाणाऱ्या बाईचा रोजसुद्धा याहून जास्त आहे. घरातलं एक माणूस रोज कामाला गेलं की ते घर अटीबाहेर! मला विचाराल तर या अटीनं एकच केलंय. जो खरं उत्पन्न सांगतो तो बाहेर राहतो आणि जो ‘दाखला करून घेतो’ तो आत येतो. आणि करून घेतलेला दाखला पुढं कधी पडताळणीत सापडला, तर वसुलीची नोटीस येते ती त्या माणसाच्या नावानं, एजंटाच्या नव्हे.

खिडकीच्याही आधी प्रमाणपत्राची वारी असते. दौंडच्या माणसानं शटल पकडायची, पुण्यात उतरायचं, तिथून औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठायचं. शिरूरला तर रेल्वेच नाही. नगर रस्त्यानं शिक्रापूर, वाघोलीची कोंडी काढत जायचं, आणि औंध शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. पाय नसलेल्या माणसाला पाय नसल्याचा कागद आणायला दीडशे किलोमीटरची जा-ये पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, ही चांगली गोष्ट झाली. पण प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावं असा जो नियम होता, तो २०२४ मध्ये बदलून तीन महिने केला. बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या मध्यंतरी फार गाजल्या. त्या बातम्यांतली माणसं मोठमोठ्या पदांवरची होती. संशयाची नजर मात्र आता आमच्या पिशवीवाल्या माणसावर येऊन थांबते.

एक गोष्ट सांगतो. गावाचं नाव आणि कचेरीचं नाव सांगत नाही. एका गड्याचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला, मनगटाच्या वरून. प्रमाणपत्र मिळालं, टक्के भरपूर. तो निराधारचा अर्ज घेऊन गेला. उत्तर आलं, ‘उत्पन्न बसत नाही.’ का? तर दाखल्यावर धाकट्या भावाचं दुधाचं उत्पन्न धरलं होतं. भाऊ सहा वर्षांपासून वेगळा राहतो, चूल वेगळी. पण रेशन कार्ड अजून वडिलांच्या नावाचं, एकच. हा तीनदा गेला, तीनदा तेच ऐकून परत आला. मग माझ्याकडे आला तो दुसऱ्याच कामासाठी, बांधाच्या भांडणासाठी. बोलता बोलता विषय निघाला.

मी काय केलं? कायद्याचा एकही ग्रंथ उघडला नाही. त्याला म्हटलं, अर्ज आहे तसा बारनिशीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. दुसरीकडे रेशन कार्ड विभक्त करायला घातलं आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नव्यानं अर्ज केला. हा दाखला लोकसेवा हक्क कायद्यात आहे, २०१५ च्या. तो पंधरा दिवसांत द्यावा लागतो. नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर एक नव्हे, तीन अपिलं आहेत. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण जीभ वळत नाही. तर त्यांना भेटून पंचनामा करायला लावला, वेगळ्या चुलीचा. या सगळ्याला आठ महिने लागले. आठ महिने काही थोडे नव्हेत. पण पहिल्या तीन हेलपाट्यांचा सरकारी दप्तरात मागमूस नव्हता, आणि चौथ्याला आवक क्रमांक होता. क्रमांक असलेल्या कागदाला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. मी हे बांधाच्या फीमध्ये उरकलं. ज्याच्याकडे बांधाचंही भांडण नाही, त्यानं काय करायचं?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या बाराव्या कलमात फुकट कायदेशीर मदत कुणाला, याची यादी आहे. त्यात दिव्यांग व्यक्ती आहे. आणि ध्यानात घ्या, दिव्यांगाला तिथं उत्पन्नाची अट नाही. पगाराला आहे, वकिलाला नाही. म्हणजे ज्याला ‘उत्पन्न जास्त’ म्हणून खिडकीवरून परत पाठवलं, त्यालाही त्या नकाराविरुद्ध लढायला वकील फुकट मिळतो. स्त्रियांनाही अट नाही, अनुसूचित जाती-जमातींनाही नाही.

दुसरी गोष्ट आमच्या वकील मंडळींच्याही लक्षात नसते. ‘कायदेशीर सेवा’ म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात आहे, आणि त्या व्याख्येत कोर्टाबरोबर इतर प्राधिकरणांपुढचं कामही येतं, नुसता सल्लाही येतो. दावा दाखल झाला पाहिजे असं काही नाही. तहसीलदारांपुढचा अर्ज, दाखल्याचं अपील, बंद पडलेल्या पगाराची विचारणा, हे सगळं त्यात बसतं. हो, बसतं!

शिरूरला आणि दौंडला, दोन्हीकडे कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. तिचे अध्यक्ष तिथले वरिष्ठ न्यायाधीश असतात. पण न्यायाधीशांचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, भेट लिपिकाचीच होते. तोंडी सांगितलं तरी ते लिहून घेतात. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो. वर जिल्हा प्राधिकरण पुण्याला शिवाजीनगर कोर्टात आहे. आणि फोन करायचा तर देशभर एकच क्रमांक आहे, एक पाच एक शून्य शून्य. पुन्हा सांगतो, १५१००.

इथं मी आमचीही झाडाझडती घेतली पाहिजे. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारं मानधन तुटपुंजं, अकराला त्याला कोर्टात पुकारा झालेला, आणि निराधारचा अर्ज म्हणजे त्याच्या लेखी किरकोळ काम. पुढची तारीख देऊन तो मोकळा होतो. एजंट मात्र सकाळपासून तहसीलच्या आवारात झाडाखाली बसलेला असतो. त्याला फॉर्म पाठ असतो, झेरॉक्सवाला त्याचा, आणि माणसाशी तो घरच्यासारखा बोलतो. एक-दोन हप्ते घेतो, पण तो तिथं असतो. एजंटाला शिव्या देणं सोपं आहे. विधी सेवा झाडाखाली येऊन बसत नाही तोवर लोक त्याच्याकडेच जाणार. विधी स्वयंसेवक म्हणून गावातल्या माणसांना प्रशिक्षण दिलेलं असतं, त्यांनी खरं म्हणजे हेच करायचं आहे. म्हणून समितीत गेलात तर नुसता वकील मागू नका. ‘तहसीलमध्ये माझ्याबरोबर येईल असा स्वयंसेवक द्या’ असं म्हणा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वी अंध स्त्रियांना बोटांनी वाचायला शिकवत होते. त्याच दौंड तालुक्यातल्या अंध माणसाला आज अर्जाचा नमुना वाचून दाखवायला शेजारच्या पोराची शाळा बुडवावी लागते.

सल्ला कशाला लागतो, याचं आणखी एक उदाहरण. कुरकुंभ, रांजणगाव, सणसवाडी हा सगळा कारखान्यांचा पट्टा. ठेकेदाराकडे कामाला असलेल्या एका तरुणाची तर्जनी आणि मधलं बोट प्रेसखाली गेलं. तो निराधारचा फॉर्म घेऊन आला. दोन बोटांनी चाळीस टक्के भरत नाहीत. इथं खिडकीवरचा ‘बसत नाही’ अगदी बरोबर होता, आणि अपील करूनही फरक पडला नसता. पण मुळात त्यानं अनुदान का मागावं? कामावर इजा झाली तर तो भरपाईचा हक्क आहे. कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, नाव असेल तर तिकडून, नसेल तर मालकाकडून. तिथं चाळीसची रेघच नाही. कामगार भरपाईच्या जोडपत्रात एका हाताची दोन बोटं गेली की कमाईची ताकद २० टक्के गेली असं धरलेलं आहे, छापील. त्या तरुणाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं आणि ‘मिटलं’ म्हटलं. खिडकीवरच्या कारकुनाचं हे काम नव्हे, हेही मान्य. पण चुकीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला बरोबरचं दार दाखवणं, हे काम वकिलाचं आहे. आणि अशा दाव्यांना मुदत असते, ती बोटाची जखम भरेपर्यंत थांबत नाही.

कधी नकार कचेरीचा नसतो, बँकेचा असतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला, बुद्धीनं मात्र सहा-सात वर्षांचा, आणि खात्यावर सही आईची चालत नाही म्हणतात. अशा वेळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी स्थानिक समिती असते. दिवाणी दावा लावायची गरज नाही. ज्या आईला हे माहीत नसतं, ती तीन-तीन वर्षं बँकेच्या पायऱ्या झिजवते.

आणि पगार चालू होऊन मध्येच बंद पडला तर? आधार जोडलेलं नाही, हयातीचा दाखला पोचला नाही, अंगठा उमटत नाही, काहीही असू शकतं. ऊसतोड केलेल्या बाईच्या बोटांवर रेषा राहतात कुठं? तिथंही कारण लेखी मागायचं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. आणि सगळं करून थकलात, तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यातच बसतात. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, कागद मागवता येतात, अधिकाऱ्याला बोलावता येतं. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. आयुक्तांपुढं जायलाही साधा अर्ज पुरतो. फक्त त्या अर्जाला काय जोडणार? तर तोच तो आवक शिक्क्याचा कागद.

एक सांगायचं राहिलं. घोड ओलांडली की पारनेर, श्रीगोंदा लागतं, दौंडलाही पुलापलीकडे श्रीगोंदाच. बाजाराला ती माणसं आमच्याकडे येतात, आणि कधी चुकून अर्जही इथंच आणतात. अर्ज मात्र आपापल्या तालुक्यात करायचा. सल्ला कुठल्याही समितीत विचारा, नदी आडवी येत नाही.

समितीकडे येताना प्रमाणपत्र, आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि आजवर कुणी काही लिहून दिलं असेल तर तो चिटोरासुद्धा आणा. सगळे कागद जमले नसतील तर जेवढे आहेत तेवढे घेऊन या.